खडकातला दाणा कसा वाचावा: बरणीपासून वर्धा खोऱ्यापर्यंत

खडक बघायला गेलेला नवखा माणूस आधी रंग बघतो. वहीत लिहितो, ‘तांबूस खडक’, ‘पिवळट खडक’. रंग मात्र फसवतो. लोखंडाचा गंज, शेवाळ, उन्हापावसाने चढलेली पापुद्री, यातल्या कशानेही तो बदलतो. गाळाच्या खडकापुढे उभं राहिलं की पहिला प्रश्न दाण्याला विचारायचा: तू केवढा आहेस?

हाच प्रश्न आधी का, ते कळायला खळ्यावरची उफणणी आठवा. तिवईवर उभं राहून वाऱ्यावर धान्य सोडलं की दाणे पायाशी पडतात, काडीकचरा थोडा पुढे आणि भुसा पार खळ्याबाहेर. वारा एकच, पाटीही एकच. प्रत्येकाने आपापल्या वजनाप्रमाणे जागा धरली. नदी हेच काम शेकडो किलोमीटरभर करत असते. धोंडे डोंगराच्या पायथ्याशी राहतात, गोटे त्यापुढे, मग वाळू, आणि पुराच्या पाण्याबरोबर काठावर पसरतो तो पोयटा. चिकणमाती सगळ्यात शेवटी, जिथे पाणी जवळजवळ थांबतं तिथे खाली बसते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. दाणा सांगतो ते पाण्याने त्याला *सोडलं* त्या वेळचं. उचललं तेव्हा जोर किती होता, वाटेत किती होता, हे त्याच्यावरून थेट कळत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पायरी १: स्वयंपाकघरातली मोजपट्टी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, लोहचुंबक, सपाट बुडाची काचेची बरणी, वही आणि पाण्याची बाटली एवढं सामान पुरतं. हातोडी सुरुवातीला नकोच. नवखा माणूस हातोडी घेऊन गेला की बघण्यापेक्षा फोडण्यात वेळ घालवतो.

दाण्याचं माप डोळ्यात बसावं म्हणून घरीच एक कार्ड तयार करा. जाड पुठ्ठ्यावर मोहरी, साखर, बारीक रवा आणि मैदा वेगवेगळ्या चौकोनात पसरा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. आता मापं काढा. दहा मोहऱ्या पट्टीला लावून एका रेषेत ठेवा, लांबी मोजा आणि दहाने भागा. उत्तर दोन मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडं कमी येईल. साखर आणि रवाही असेच मोजा. साखरेचा दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर भरतो, बारीक रवा त्याहून कमी. प्रत्येक चौकोनाखाली तुमचं स्वतःचं माप लिहा, कारण दुकानागणिक साखर बदलते. बाजारात छापील कार्डंही मिळतात, पण स्वतः मोजून केलेलं कार्ड डोळ्यात जास्त पक्कं बसतं, असा माझा अनुभव आहे.

आता नावं. भूवैज्ञानिक जी श्रेणी वापरतात ती उडेन आणि वेंटवर्थ यांच्या नावाने ओळखली जाते. वेंटवर्थ यांनी १९२२ साली तिला आजचं रूप दिलं. २५६ मिलिमीटरहून मोठा तो धोंडा. ६४ ते २५६ पर्यंत मोठे गोटे, ४ ते ६४ पर्यंत लहान गोटे, २ ते ४ पर्यंत कच. २ मिलिमीटरपासून खाली ०.०६२५ म्हणजे १/१६ मिलिमीटरपर्यंत वाळू. त्याखाली १/२५६ मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. शेतकरी ज्याला पोयटा म्हणतात ती माती मिश्र असते. इथे मात्र हा शब्द एवढ्याच मापापुरता घ्या.

वाळूच्या खालचं माप भिंगानेही दिसत नाही. तिथे दात कामाला येतात. खडकाचा अगदी छोटा, स्वच्छ कण पुढच्या दातांत धरून हलके घासा. करकर लागली तर पोयटा, लोण्यासारखं गुळगुळीत लागलं तर चिकणमाती. जगभरचे भूवैज्ञानिक शेतात आणि डोंगरात हेच करतात. खाणीजवळचा, नाल्यातला किंवा कारखान्याशेजारचा नमुना मात्र तोंडात घालू नका.

पायरी २: बरणीतली नदी

ही पायरी टाळू नका. पुस्तकातलं सूत्र दहा वेळा वाचून जे कळत नाही ते इथे एका रात्रीत कळतं.

नदीकाठची, थोडी वाळू आणि थोडी माती असलेली दोन-तीन चमचे माती बरणीत घ्या. ढेकळं बोटांनी पूर्ण मोडा. बुडापासून दहा सेंटीमीटर उंचीवर खूण करून तिथपर्यंत पाणी भरा. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, बरणी टेबलावर ठेवा आणि घड्याळ लावा. त्यानंतर बरणीला हात लावायचा नाही.

कच आणि भरड वाळू बरणी ठेवताक्षणी बुडाशी जाते. साधारण अर्ध्या मिनिटात सगळी वाळू बसलेली असते; ०.०६ मिलिमीटरच्या दाण्याला दहा सेंटीमीटर उतरायला एवढाच वेळ लागतो. काचेवर तिथे पेनने रेघ मारा. त्याच्या निम्म्या मापाच्या दाण्याला दोन मिनिटं लागतात, चौथाई मापाच्याला आठ मिनिटं, त्याच्याही निम्म्याला अर्धा तास. पोयट्याच्या खालच्या सीमेवरचा दाणा बसायला दोन तास जातात. दोन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाची चिकणमाती उतरायला आठ तास. हे आकडे वीस अंश तापमानाच्या पाण्याचे आहेत. उन्हाळ्यात आपल्याकडचं पाणी कोमट असतं, त्यामुळे वेळ थोडा कमी भरेल.

आकड्यांकडे पुन्हा बघा. माप निम्मं झालं की वेळ चौपट होतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ साली मांडलेला नियम तो हाच. म्हणूनच वाळू आणि चिकणमाती एकाच पुरात आली तरी एकाच जागी बसत नाहीत. वाळूला क्षणभराची उसंत मिळाली तरी पुरते. चिकणमातीला पूर्ण रात्र शांतता हवी असते.

सकाळी बरणी आडवी न करता उजेडात धरा. खाली भरड, वर बारीक आणि अगदी वर सायीसारखा एक पातळ थर दिसेल. काळी माती घेतली असेल तर वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहील. हा क्रम, भरड खाली आणि बारीक वर, खडकात दिसला की समजायचं: इथे वेगाने आलेलं पाणी हळूहळू मंदावत गेलं.

२०१९च्या महापुरानंतर सांगलीतल्या घरांमधून चिखल काढणाऱ्यांनी हीच बरणी मोठ्या मापात पाहिली. पाणी घरात शिरलं आणि चार भिंतींच्या आत थांबलं. जे मऊ, बारीक होतं ते जमिनीवर, कपाटात, भांड्यांत बसलं.

आता दुसरा प्रयोग. एकसारखं गढूळ पाणी दोन बाटल्यांत भरा, एकीत चमचाभर मीठ ढवळा आणि शेजारी शेजारी ठेवा. मिठाची बाटली आधी निवळते. चिकणमातीचे कण एरवी एकमेकांना दूर ढकलतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके लवकर बुडतात. कोकणातल्या खाड्यांमध्ये गुडघाभर चिखल साचतो त्याला हेही एक कारण आहे: नदीचं गोडं पाणी तिथे भरतीच्या खाऱ्या पाण्याला भेटतं. तेव्हा खडकात चिकणमाती दिसली की लगेच ‘संथ तळं’ असं लिहून मोकळं होऊ नका. तिथे खाडीसुद्धा असू शकते.

पायरी ३: उचलणं वेगळं, सोडणं वेगळं

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. त्यांना वाटतं, दाणा जितका बारीक तितका उचलायला सोपा. मोठ्या दाण्यांपासून वाळूपर्यंत हे खरं आहे. पुढे उलटं होतं.

स्वीडनच्या उप्साला इथले फिलिप ह्युल्स्ट्रॉम यांनी १९३५ साली हे एका आलेखात मांडलं. सगळ्यात सहज उचलली जाते ती बारीक ते मध्यम वाळू. सेकंदाला वीस सेंटीमीटरच्या आसपास वेग असला तरी ती हलते. एक सेंटीमीटरच्या गोट्याला मीटरभर किंवा त्याहून जास्त वेग लागतो. आणि घट्ट बसलेल्या चिकणमातीलाही साधारण गोट्याइतकाच जोर लागतो, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. एकदा उचलली गेली की मात्र ती अगदी मंद प्रवाहातही तरंगत राहते.

उन्हाळ्यात आटलेल्या नदीत याचा पडताळा मिळतो. दुपारच्या वाऱ्याने वाळू पावलांभोवती भुरभुरते, पण शेजारच्या भेगाळलेल्या चिखलाच्या पापुद्र्याला वारा काही करू शकत नाही. बोटाने तो पापुद्रा उचलला तर अख्खा हातात येतो. पुढचा पूर असे पापुद्रे तुकड्या-तुकड्यांनी उखडतो आणि वाळूबरोबर वाहून नेतो. वालुकाश्मात, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेल्या खडकात, मध्येच चिकणमातीचे चपटे तुकडे अडकलेले दिसतात ते असे आलेले असतात.

वाहण्याच्या तऱ्हाही पाहून ठेवा. गोटे तळावरून घरंगळतात, वाळू टुणटुण उड्या मारत जाते, पोयटा आणि चिकणमाती पाण्यात मिसळून जातात. नितळ, घोट्याएवढ्या पाण्याच्या ओढ्यात खाली वाकून बघितलं तर वाळूच्या उड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

पायरी ४: नदीकाठची एक सकाळ

पावसाळा संपून पाणी उतरलं की जा. वरच्या बाजूला धरण असेल तर पाणी कधी सोडणार आहेत ते गावात विचारा. भोंगा वाजला की पात्रातून बाहेर या.

आधी उतार गाठा, म्हणजे जिथून माणसं नदी ओलांडतात ती उथळ, खळाळती जागा. तिथे गोटे असतील. मग डोहाच्या काठी जा; तिथे बारीक माती. वळणावर आतल्या बाजूला वाळू साचलेली दिसेल, कारण आतल्या अंगाला पाणी मंद असतं; बाहेरच्या अंगाला ते काठ कापतं. पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रातल्या वाळूला आपण वाळवंट म्हणतो. नदीने सोडलेल्या वाळूचा एवढा मोठा पसारा दिसला की दोन ठिकाणची चिमूट-चिमूट वाळू कार्डाशी ताडून बघायची सवय लावून घ्या.

वेग मोजायचा असेल तर काठावर दहा मीटर अंतर आखा, काडी सोडा आणि सेकंद मोजा. हा वेग वरच्या पाण्याचा असतो. तळाशी पाणी त्याहून सावकाश जातं. आणि तुम्ही बघताय ते गोटे आजच्या पाण्याने आणलेले नाहीत, पुराने आणले आहेत.

चपटे गोटे कसे पडले आहेत तेही बघा. ते घराच्या कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात. खालची कड वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, आणि वरची कड पाणी जातं तिकडे झुकलेली. नदी कधीच आटून गेली असली, ते गोटे सिमेंटसारखे घट्ट बसून पिंडाश्म झाला असला, तरी हा कल टिकतो. त्यावरून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीची दिशा सांगता येते. माझ्या मते नवख्याला खडकात सगळ्यात जास्त आनंद देणारी खूण हीच.

पायरी ५: मापाच्या पलीकडे तीन गोष्टी

पहिली, दाणे एकसारखे आहेत की सरमिसळ. वाऱ्याने आणि समुद्राच्या लाटांनी चाळलेली वाळू एकसारखी असते, नदीची त्याहून कमी. घाटात दरड कोसळते तेव्हा तिच्या ढिगात घराएवढ्या धोंड्यापासून चिकणमातीपर्यंत सगळं एकत्र असतं, कारण तिथे चाळायला वेळच मिळाला नाही. हिमनदीही चाळत नाही. बर्फ धोंडा आणि दगडाचं पीठ दोन्ही एकाच वेगाने वाहून नेतो.

दुसरी, दाण्याचं वजन. रत्नागिरीच्या काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं असतात. पाण्याच्या साडेचार-पाच पट त्यांची घनता, तर गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, २.६५ पट. कागदाखाली चुंबक फिरवा, मॅग्नेटाइटचे दाणे मागोमाग सरकतात. मग भिंग धरा: काळे दाणे शेजारच्या पांढऱ्या दाण्यांहून आणि शिंपल्यांच्या चुऱ्याहून बारीक दिसतील. पाण्याला दोन्ही सारखेच जड वाटले म्हणून त्याने ते एकाच जागी सोडले. तेव्हा एका खनिजाच्या दाण्याची तुलना त्याच खनिजाच्या दाण्याशी करा.

तिसरी, जे नाही ते. खडकात गोटे नाहीत म्हणून पाणी मंद होतं असं ठरत नाही. वरच्या मुलखात गोटे होण्याजोगा खडकच नसेल तर कितीही मोठा पूर ते आणणार कुठून?

पायरी ६: आता खडक

महाराष्ट्रात एक सावधगिरी आधी सांगावी लागते. सह्याद्री आणि पठाराचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. त्यातले चमकणारे कण म्हणजे लाव्हा थंड होताना तयार झालेले स्फटिक. ते कुठून वाहून आलेले नाहीत. दोन लाव्हा थरांमधला तांबडा, मातीसारखा पट्टाही सरसकट नदीचा गाळ समजू नका. बऱ्याच ठिकाणी ती जागच्या जागी कुजलेल्या खडकाची, वरच्या लाव्ह्याने भाजलेली माती असते. ही मोजपट्टी फक्त वाहून येऊन साचलेल्या दाण्यांना लागू होते.

असे खडक विदर्भात भरपूर आहेत. वर्धा खोऱ्यातले गोंडवना नावाचे गाळाचे खडक शिकायला फार चांगले, कारण एकाच प्रदेशात दाण्याच्या तीन वेगळ्या कहाण्या एकावर एक रचलेल्या आहेत.

सगळ्यात खाली तालचेर थर, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. त्यात हिरवट, बारीक मातीच्या खडकात मोठाले धोंडे रुतलेले असतात. माती आणि धोंडे यांची मापं जुळत नाहीत, चाळणी लागलेली नाही. हे बर्फाचं काम. चंद्रपूरजवळ इरई इथे या थराखालच्या चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे सापडले आहेत. आज उन्हाळ्यात तापणाऱ्या चंद्रपुरात एकेकाळी बर्फ सरकत होता, याचा हा पुरावा दगडावर उमटलेला आहे.

त्यावर बाराकर थर: फिकट, भरड वालुकाश्म, शेल (चिकणमाती-पोयट्याचा पापुद्र्यांचा खडक) आणि कोळसा. बल्लारपूर, घुग्घुस भागातला कोळसा याच थरांतला. भिंगातून वालुकाश्म बघितला तर पारदर्शक गारेच्या दाण्यांमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे पांढरट, मळकट दाणे दिसतात. फेल्डस्पार उष्ण, दमट हवेत लवकर कुजतो. तो शिल्लक आहे म्हणजे दाणे झपाट्याने येऊन पुरले गेले, किंवा हवा थंड होती.

इथे दाण्याचा क्रम पुन्हा पुन्हा येतो: खाली भरड, वर मध्यम, मग बारीक, मग शेल, आणि सगळ्यात वर कोळसा. म्हणजे नदीचं मुख्य पात्र तिथे होतं, ते सरकत दूर गेलं, जागा पूरमैदानात आली, शेवटी दलदल झाली. मग नदी परत आली आणि कोळशावर पुन्हा भरड वाळू पसरली. चालू खाणीत परवानगीशिवाय जाऊ नका. नाल्यांच्या कापांमध्ये आणि रस्त्याच्या कडेला हे खडक पुरेसे दिसतात.

वहीत उभी पट्टी काढा. उंची म्हणजे थराची जाडी. रुंदी म्हणजे दाण्याचं माप, भरड तेवढी रेघ उजवीकडे पुढे. नेहमी खालून वर जा, कारण खालचं आधी साचलं. दर थराला ताजा, न कुजलेला तुकडा बघा. उघड्या पृष्ठभागावरचे दाणे सुटून गेलेले असतात आणि माप चुकतं. पाच दाणे मोजा, मधला आकडा लिहा. समजा, पट्टी अशी आली: खाली एक मिलिमीटर, मग अर्धा, मग पाव, मग दाताला करकर, मग गुळगुळीत. तुम्ही एका नदीचं मंदावणं कागदावर उतरवलंत. त्यावर पुन्हा एकदम एक मिलिमीटर आलं तर तिथे जाड रेघ मारा, त्या रेघेच्या लगेच वर, भरड वाळूत, चिकणमातीचे उखडलेले तुकडे शोधा.

सगळ्यात वर कामठी थर. नाव नागपूरजवळच्या कामठीवरून. तांबूस वालुकाश्म आणि मधूनमधून बारीक मातीचे पट्टे. या पट्ट्यांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, मधली शीर आणि तिच्यातून फुटलेलं जाळं दोन्ही स्पष्ट. शीर उमटायला तिच्याहून बारीक दाणा आणि पान न फाडणारं संथ पाणी लागतं. भरड वालुकाश्मात फार तर खोडाचा ओबडधोबड ठसा राहतो. असं पान सापडलं तर ते जागेवरच राहू द्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, आणि वहीत आधी त्याच्याखालच्या दाण्याचं माप लिहा, मग पानाचं नाव.